बालविभाग सुटला, पुढे काय?

परवा आंबीला गेले होते. मावळातलं आंबी, तळेगावच्या एमआयडीसीजवळचं. माझी धाकटी मावसबहीण तिथे दिलेली आहे. तिची मुलगी यंदा नववीत. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तळेगावात उतरल्यावर भाचीसाठी एक पुस्तक घेतलं. छान रंगीत, मोठ्या टायपातलं, पानापानावर चित्रं. भाचीनं ते चाळलं, हसली, "थँक्यू मावशी" म्हणाली आणि शहाण्यासारखं धाकट्या भावाच्या हातात देऊन टाकलं. तो दुसरीत आहे.

मी वरमलेच. "मग तू वाचतेस तरी काय ग?"

"गाइड," ती म्हणाली. जरा थांबून पुढे, "आणि आईची मासिकं, पुरवण्या. पण त्यात सगळं लग्न झालेल्यांचंच असतं."

(हा टोला आपल्याच पानाला होता. मी निमूट चहा प्यायले.)

मग हळूहळू सगळी कहाणी बाहेर आली. सातवीपर्यंत ती एका वाचनालयात जात होती. त्याचं नाव सांगत नाही. ते वाचनालय काही वाईट नाही आणि जे तिथे झालं ते सगळीकडेच होतं. तिथल्या बालविभागातली सगळी पुस्तकं तिची दोन-दोनदा वाचून झाली होती. आठवीत गेली आणि बालविभागाचं कार्ड संपलं. मोठ्यांच्या विभागाचं कार्ड हवं तर अनामत जास्त, शिवाय वडिलांची सही. सही आणली, तर देवघेवीच्या टेबलावरचे काका म्हणाले, "कादंबऱ्या कशाला आत्तापासून? दहावी होऊ दे." शिवाय आत जायचं म्हणजे वर्तमानपत्रांचं लांब टेबल ओलांडून जायचं. तिथे संध्याकाळी सगळे बाप्ये बसलेले. "मी गेले की सगळे वर बघतात," ती म्हणाली. मग तिनं जाणं सोडलं. रागावून वगैरे नाही, अगदी सहज. वाचनालयातही कुणाच्या लक्षात आलं नसेल. एका मुलीचं कार्ड बंद झालं, एवढंच.

मैत्रिणींनो, आपापल्या गावातलं वाचनालय जरा डोळ्यांपुढे आणा. बऱ्यापैकी मोठं असेल तर बालविभागाची पाटी असते. महिला विभागाचीही असते. तिथे पाककृती, विणकाम, रांगोळ्या आणि जाड जाड कौटुंबिक कादंबऱ्या. या दोन पाट्यांच्या मधे जी मुलगी उभी आहे, तेरा ते अठरा वर्षांची, तिची पाटी कुठे आहे? आणि मुलाची? त्याच्यासाठी फार तर 'स्पर्धा परीक्षा' अशी पाटी असते. म्हणजे लहानपण संपलं की एकदम पीएसआय! मधल्या पाच-सहा वर्षांत माणसाच्या मनात जे काय उलथापालथ करणारं घडतं, त्याच्यासाठी आपल्या कपाटांत एक फळीसुद्धा राखून ठेवलेली नाही.

गंमत बघा. पुण्यात १८४८ साली दोन गोष्टी सुरू झाल्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी त्याच शहरात आजच्या पुणे नगर वाचन मंदिराची 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून स्थापना झाली. मुलीची शाळा आणि गावाची लायब्ररी, दोघी एकाच वयाच्या. शाळेत मुली आल्या, कॉलेजात आल्या, बोर्डाच्या निकालात तर दरवर्षी 'मुलींची बाजी' असा मथळाच ठरलेला. गावच्या वाचनालयात मात्र वयात आलेली मुलगी अजून पाहुणीच आहे.

आंबीचंच उदाहरण घ्या. इंद्रायणीकाठचं गाव. पूर्वी भातखाचरं आणि गोठे. आता पलीकडे कारखाने आहेत, कॉलेजं आहेत, कंटेनरची रांग आहे. घरोघर वरती भाड्याच्या खोल्या चढल्यात आणि त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ असा सगळा देश राहतो. पैसा आला, त्याबरोबर आयांच्या मनात भीतीही आली. माझी बहीण सांगत होती, "पूर्वी पोरी नदीवर जायच्या, देवळात बसायच्या. आता रस्त्यावर कोण कुठला, काय सांगावं? शाळा सुटली की घरी." मुलांना टपरी आहे, पार आहे, क्रिकेटचं मैदान आहे. मुलींना शाळा, क्लास आणि घर. या तिन्ही ठिकाणी कुणी ना कुणी मार्क मोजत असतं. जिथे कुणी काही मोजत नाही, दोन तास नुसतं बसता येतं, मैत्रिणीशी हळू आवाजात बोलता येतं आणि आईलाही घोर लागत नाही, अशी जागा गावात वाचनालयाशिवाय दुसरी कुठली असणार?

कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे की. आहे. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी होती. जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन सापडला. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःच्या मालकीचा फोन किती जणांकडे? मुलांत ४३.७ टक्के, मुलींत १९.८. म्हणजे घरातला फोन आधी बाबांचा, मग दादाचा, उरला तर ताईचा, तोही आईच्या देखत. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त टोचला. या वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्या भाषेतला दुसरीच्या इयत्तेचा मजकूरही सलग वाचता येत नाही. या मुलांना वाचनालयात आणायचं, तर त्यांच्या हातात काय द्यायचं? ससा-कासव दिलं तर पंधरा वर्षांच्या पोराचा अपमान होतो. 'ययाति' दिली तर दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतं. शब्द सोपे पण विषय मोठ्यांचा, अशी पुस्तकं शोधावी लागतात आणि ती शोधणं हे काम आहे. ते कुणी करायचं?

ग्रंथपालानं. आता त्या माणसाकडेही बघू या. बऱ्याच ठिकाणी ती बाईच असते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं राज्यात आहेत, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाला, म्हणजे बहुतेक खेड्यांतल्या वाचनालयांना, २०१२ पासून दहा वर्षं वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा त्याचे ४८ हजार झाले. बाराने भागा. महिन्याला चार हजार. एवढ्यात ग्रंथपालाचं मानधन, नवी पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल, कपाटाची दुरुस्ती. आपण घरात भाजीचा हिशेब करतो, त्या हिशेबानं बघा हे कसं बसतं ते. पुस्तक हरवलं तर उत्तर तिनं द्यायचं, म्हणून कपाटाला कुलूप. तपासणीला साहेब आले की दाखल नोंदवही आणि कपाटातली पुस्तकं जुळली पाहिजेत. पुस्तक वाचलं गेलं का, असं त्या नोंदवहीत विचारलेलं नसतं. शाळांची तऱ्हाही फार वेगळी नाही. लहान शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही, मग कपाटाच्या किल्ल्या मराठीच्या बाईंच्या पर्समध्ये असतात. बाई रजेवर गेल्या की पुस्तकंही रजेवर.

तेव्हा ग्रंथपालबाईंना नावं ठेवायला हा लेख नाही. चार हजारांत संसार करणाऱ्या बाईला "तुम्ही किशोरवयीन मुलांसाठी नावीन्यपूर्ण उपक्रम का राबवत नाही?" असं विचारणं म्हणजे निर्लज्जपणाच. पण मी वेगवेगळ्या गावांतल्या तीन ग्रंथपालांशी बोलले. त्यात एकीनं जे सांगितलं ते मनात राहिलं. ती म्हणाली, "मला वर्गीकरण येतं, तालिका करता येते, नोंदी चोख आहेत. पण नववीतली मुलगी टेबलाशी येऊन नुसतीच उभी राहते ना, काही मागत नाही, तिच्याशी काय बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नाही."

शिकवायला हवं. ग्रंथपालाला शिकवावं लागतं, हे आपल्याला नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ बोलावला आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात १९६१ पासून ग्रंथालयशास्त्र शिकवतात. म्हणजे परंपरा आहे. पण प्रशिक्षणाचा भर पुस्तकं सांभाळण्यावर राहिला आणि माणूस सांभाळायचं राहून गेलं. गोव्यातल्या 'बुकवर्म' या संस्थेनं हे ओळखलं. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाबरोबर त्यांनी ग्रंथपालांसाठी खास अभ्यासक्रम चालवला. मुलांपुढे पुस्तक कसं उघडायचं, त्यावर गप्पा कशा काढायच्या, कपाट कसं मांडायचं, असं त्यात शिकायचं. आपल्या जिल्हा ग्रंथालय संघांची अधिवेशनं होतात. त्यांत अनुदान आणि वेतनश्रेणी हे विषय असतात, ते असलेच पाहिजेत, त्याशिवाय पोट भरत नाही. पण त्याच मांडवात एक दुपार या विषयाला द्यायला काय हरकत आहे? चार तालुक्यांतल्या दहा ग्रंथपालबाया गोल करून बसल्या आणि एकमेकींना "माझ्याकडे ही युक्ती चालली" एवढं सांगितलं तरी ते प्रशिक्षणच.

परदेशात हा विचार शंभर वर्षं जुना आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९२५ साली फक्त तरुण मुलांसाठी एक वेगळी खोली उघडली, तिला 'ट्रेझर आयलंड'वाल्या स्टीव्हन्सनचं नाव दिलं. मला स्वतःला भावलं ते स्टॉकहोमचं. तिथल्या कल्चरहाउसमध्ये २०११ पासून दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी एक वाचनालय आहे. त्यात मोठ्या माणसांना प्रवेशच नाही. आई-बाबा बाहेर! आणि आत चक्क स्वयंपाकघर आहे. मुलं पदार्थ करतात, खातात आणि वाचतात. आपल्या वाचनालयात पाण्याची बाटली आणली तरी काका ओरडतात.

पण इतक्या लांब कशाला? शेजारच्या कर्नाटकानं २०२० साली 'ओदुव बेळकु' म्हणजे 'वाचनाचा उजेड' अशी मोहीम काढली. ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत ६ ते १८ वयाच्या मुलांना फुकट सभासद करून घेतलं. करोनानं शाळा बंद होत्या तेव्हाची ही गोष्ट. अनामत नाही, वडिलांना खिशात हात घालायला लावणं नाही. मूल आलं की ते सभासद. अठरापर्यंत ही रेघ ओढली, ही त्यातली खरी गोम. सातवीला हात सोडला नाही.

आता आपण काय करू शकतो? मी बहिणीच्या ओसरीवर बसून भाची आणि तिच्या तीन मैत्रिणींनाच विचारलं. मोठ्यांनी समिती नेमून जे ठरलं नसतं ते या पोरींनी वीस मिनिटांत सांगितलं.

पहिली मागणी वेळेची. "आमच्यासाठी एक वार ठेवा." शनिवारी सकाळची शाळा असते, दुपार मोकळी. वाचनालयं बहुतेक ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, दुपारी कुलूप. त्यातली एक शनिवारची दुपार, दोन तास, फक्त शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना. वर्तमानपत्रवाली मंडळी तेव्हा घरी वामकुक्षी घेतात, म्हणजे टेबलही मोकळं. याला पैसे लागत नाहीत. ग्रंथपालबाईंचे दोन तास मात्र जास्त जातात आणि त्याचं मानधन द्यायला हवं. ते कुठून, ते पुढे सांगते.

दुसरी मागणी ऐकून मी चकित झाले. एकजण म्हणाली, "आम्ही काय पुस्तक नेलं ते घरी सांगायचं नाही." बाकीच्या मान हलवू लागल्या. माझी बहीण आतून ऐकत होती. ती एकदम गप्प झाली.

इथे मला माझीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझा मुलगा नववीत असताना मिलिंद बोकीलांची 'शाळा' वाचत होता. मी मागचा मजकूर वाचला, नववीतला मुलगा, वर्गातली मुलगी वगैरे, आणि पुस्तक काढून घेतलं. "आत्ता वेळ आहे का हे वाचायची?" दोन दिवसांनी बघते तर भूमितीच्या गाइडात घालून तेच वाचतोय. मित्राकडून आणलं होतं. मग मी ते रात्री स्वतः वाचलं आणि मला रडू आलं. यात काढून घेण्यासारखं होतं काय? ज्या गोष्टी मला त्याच्याशी बोलता येत नव्हत्या, त्या त्या पुस्तकानं किती हळुवारपणे बोलून टाकल्या होत्या. पाळी, शरीर, कुणीतरी आवडणं, घरातली भांडणं, दारू पिणारा बाप, अभ्यासात मागे पडण्याची लाज, या सगळ्याची उत्तरं मूल कुठेतरी शोधणारच. ती पुस्तकात शोधली तर आपण नशीबवान. ग्रंथपालबाईंनी त्या वेळी नुसतं पुस्तक पुढे करायचं आणि तोंड बंद ठेवायचं. याला विश्वास लागतो. डॉक्टर जसं पेशंटचं बाहेर सांगत नाही, तसंच.

बाकीच्या कल्पना मजेच्या होत्या. एकीनं सुचवलं, पुस्तकं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची आणि वर फक्त एक ओळ लिहायची: 'यात एक मुलगा घरातून पळतो' किंवा 'भुताची नाही, पण रात्री वाचू नका'. नाव न बघता उचलायचं. मी म्हटलं, ग्रंथपालबाईंची नोंद कशी होणार? तर म्हणे, नंबर बाहेर लिहायचा! दाखल क्रमांकाचा इतका सुंदर उपयोग मी तरी ऐकला नव्हता. दुसरी म्हणाली, नवी पुस्तकं घ्यायची तेव्हा निदान पाच पुस्तकं आम्हाला निवडू द्या. हे तर फार गरजेचं. आपल्याकडे पुस्तकखरेदी बहुधा पदाधिकारी करतात आणि चरित्रं, चरित्रं, पुन्हा चरित्रं घेतात. मुलांनी थोरांची चरित्रं वाचावीत हे खरं. पण सतत थोरच? प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा आहे, नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत, वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' तर पिढ्यान्‌ पिढ्या टिकलंय. पैसेच नसतील तर बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक २००८ पासून निघतो आणि अगदी थोड्या पैशांत येतो. वरच्या खोल्यांत राहणाऱ्या हिंदीभाषक मुलांसाठी 'चकमक' मागवता येईल. ती मुलंही याच गावची आहेत. त्यांच्या बहिणींना तर इथे ओळखीचं कुणीच नसतं.

आणि स्थानिक फळी! गोनीदा, म्हणजे गो. नी. दांडेकर, तळेगावात राहिले. 'माचीवरला बुधा' राजमाचीवर घडते, 'पवनाकाठचा धोंडी' पवनेच्या खोऱ्यात. मावळातल्या मुलांना ट्रेकला आलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांकडून राजमाचीची माहिती मिळावी, हे काही बरोबर नाही. 'आपल्या मावळातली पुस्तकं' अशी एक फळी केली तर मुलं हात लावतील असं मला वाटतं. आपण ज्या डोंगराकडे रोज बघतो तो पुस्तकात सापडला की वाचणाराला वेगळाच आनंद होतो.

एक कल्पना माझीही. जात्यावरच्या ओव्या. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संस्थेनं २०१७ पासून त्या आवाजासकट लोकांसमोर ठेवल्यात. आपल्या गावात अजून ज्या आज्या आहेत, त्यांच्याकडे मुलींना वही घेऊन पाठवा. शनिवारी ऐकलेली ओवी लिहून आणायची, आजीचं नाव, माहेरचं गाव लिहायचं आणि ती वही वाचनालयात दाखल करायची. तिलाही दाखल क्रमांक द्यायचा. ज्या आजीनं आयुष्यात पुस्तक हातात धरलं नाही, तिचं नाव वाचनालयाच्या नोंदवहीत येईल. जी मुलं धड वाचू शकत नाहीत त्यांनाही यात काम आहे. ऐकायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग हळूहळू उतरवायचं. दुसरीचा धडा पुन्हा गिरवण्यापेक्षा हे बरं.

आता नको असलेल्या गोष्टीही सांगते. १५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या वाढदिवशी, २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन करतो. चांगली कल्पना. पण बहुतेक ठिकाणी होतं काय? पाहुणे, हार, नारळ, पाहुण्यांचं पाऊण तास भाषण, 'वाचाल तर वाचाल' विषयावर निबंधस्पर्धा, त्यात दरवर्षी त्याच तीन हुशार मुलांना बक्षीस. बाकीची मुलं सतरंजीवर चुळबुळत बसतात. त्या दिवशी एकही पुस्तक कपाटातून बाहेर येत नाही. दुसरं म्हणजे अभ्यासिका. अभ्यासिका हवीच, घरात दोन खोल्या आणि पाच माणसं असताना मुलांनी अभ्यास कुठे करायचा? पण वाचनालयाची सगळी जागा अभ्यासिकेला देऊन टाकायची आणि गोष्टीची पुस्तकं माळ्यावर टाकायची, हा सौदा मला पटत नाही. रंगनाथन ग्रंथालयशास्त्राचे आद्यगुरू. त्यांनी १९३१ मध्येच पाच सूत्रं सांगितली. त्यांतली दोन सूत्रं ढोबळमानानं अशी, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. नववीतल्या मुलीचं पुस्तक फक्त गाइड असतं, असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

राहता राहिला पैसा. इथे आपण बायकांनी कंबर कसायची आहे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. ते बऱ्याचदा कशावर जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, तीही अनेक गावांत फक्त सह्यांपुरती होते. तिथे उठून एक वाक्य बोलायचं: "शनिवारी दुपारी वाचनालय मुलामुलींसाठी उघडं राहील आणि त्याचं मानधन या १० टक्क्यांतून द्या." ठरावात लिहून घ्यायचं. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. आंबीसारख्या गावाच्या तर दारातच कारखाने. कंपनी कायदा २०१३ साली आला तेव्हापासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालय उभारणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपन्या शाळेला दप्तरं देतात, पाण्याच्या टाक्या देतात, वर मोठ्ठं नाव घालतात. त्यांना सांगा, दोन कपाटं द्या, किशोरवयाची तीनशे पुस्तकं द्या आणि तीन वर्षं एका ग्रंथपालाचं मानधन द्या. नाव घाला हवं तर, कपाटावर घाला, पुस्तकावर नको.

आणि कुणीच नाही दिलं तर? तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. दर माणसी वर्षाला एक पैसा, असा गोळा करून अंताजी दामोदर काळ्यांनी तो फंड उभारला होता. त्या फंडातून कारखाना निघू शकतो, तर भिशी चालवणाऱ्या बायकांना एका फळीची पुस्तकं जड आहेत का? आपल्या बचत गटात महिन्याला दहा-दहा रुपये बाजूला टाकले तरी वर्षभरात बऱ्यापैकी पुस्तकं होतात.

निघताना बहीण मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काय वाचते ते मला नाही सांगितलं तरी चालेल. पण वाचून झाल्यावर पुस्तक दोन दिवस घरात राहू दे म्हणावं. मी पण बघीन."

काल भाचीचा फोन आला, अर्थात आईच्या मोबाइलवरून. त्या चौघी शनिवारी दुपारी वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना भेटल्या. ते काका हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. अर्ज लिहून आणा म्हणाले. अर्ज लिहून झालाय, सोळा जणींच्या आणि पाच मुलांच्या सह्या झाल्यात. मला एवढंच सांगायला फोन केला होता, की पुढच्या वेळी येताना घरातली रद्दी विकू नकोस, मावशी. पुस्तकं गुंडाळायला लागणार आहे.